सामाजिक संरचनेचे मूलभूत घटक नेमके कोणते, आणि ते प्रत्यक्ष समाजात वेगवेगळे ओळखायचे कसे?

सायली_वाचते (प्रश्न)

नमस्कार. मी समाजशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास बाहेरून करते आहे. वर्गात बसून शंका विचारण्याची सोय नसल्यामुळे येथे लिहीत आहे.

'सामाजिक संरचनेचे मूलभूत घटक' या प्रकरणासाठी माझ्याकडे जी पुस्तके आणि टिपणे आहेत, त्यांतली घटकांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. एका पुस्तकात उपसमूह, भूमिका, प्रमाणके (म्हणजे वागण्याचे नियम) आणि मूल्ये असे चार घटक दिले आहेत. दुसऱ्यात दर्जा आणि भूमिका ही जोडी आधी येते आणि बाकीचे सारे तिच्या मागून येते. एका टिपणात तर सामाजिक संस्था, सत्ता आणि स्तरीकरण (समाजातली उच्च-नीच उतरंड) हेही 'मूलभूत घटक' म्हणून मोजले आहेत. जात या कोणत्या घटकात बसते हे मात्र कोणीच सांगत नाही, आणि जातीशिवाय आपल्या समाजाची संरचना समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण उदाहरणांची आहे. जवळपास प्रत्येक ठिकाणी एक तर शरीर आणि त्याचे अवयव यांचा दाखला असतो, नाही तर वडील कमावतात, आई घर सांभाळते आणि मुले शिकतात असे एक कुटुंब असते. त्यावरून व्याख्या पाठ होते, परंतु एखादी खरीखुरी परिस्थिती समोर आली तर हा दर्जा, ही भूमिका, हे प्रमाणक आणि हे मूल्य असे वेगळे करून दाखवता येत नाही. विशेषतः प्रमाणक आणि मूल्य यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो.

या याद्यांपैकी कोणती ग्राह्य धरावी, घटक एकमेकांपासून कोणत्या कसोटीवर वेगळे करावेत आणि जातीचे स्थान काय, याबद्दल जाणकारांनी एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणासह मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन. परीक्षेत हा प्रश्न १५ गुणांसाठी येतो, पण केवळ तेवढ्यापुरते उत्तर मला नको आहे.

निवृत्त_मास्तर

सायली, या याद्या मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. टिपणे काढणाऱ्यांनी प्रश्न गाळून फक्त उत्तरे उतरवून घेतली, म्हणून त्या परस्परविरोधी वाटतात.

चार घटकांची यादी हॅरी जॉन्सन यांच्या १९६० च्या पाठ्यपुस्तकातून आपल्याकडे आली आणि भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत घट्ट रुजली. तिच्यावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांच्या विचारांची छाप आहे, आणि समाज टिकून कशामुळे राहतो हा तिच्यामागचा प्रश्न आहे. दर्जा आणि भूमिका ही जोडी राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये मांडली. समाजात माणसाचे स्थान कसे ठरते आणि त्या स्थानावरून तो काय करतो, हा त्यांचा प्रश्न होता. जन्माने मिळणारा अर्पित दर्जा आणि कर्तृत्वाने मिळवलेला अर्जित दर्जा हा भेदही त्यांचाच. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० च्या भाषणात आणखी एक मुद्दा पुढे आणला. प्रत्यक्ष माणसांमधील संबंधांचे जाळे सतत बदलत असते, माणसे मरतात, जन्मतात, गाव सोडतात, तरीही त्या संबंधांचा आकार बराच काळ तसाच राहतो, आणि अभ्यास करायचा तो या आकाराचा. माझ्या मते हा मुद्दा पक्का डोक्यात बसला की याद्यांचा घोळ आपोआप कमी होतो. म्हणून तुमच्या कसोटीच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे, की माणूस बदलून पाहा आणि मागे काय उरते ते तपासा.

उदाहरण म्हणून मुंबईच्या कापड गिरण्यांमधील 'बदली' कामगार घेऊ. कायम कामगार गैरहजर राहिला की त्या पाळीपुरता त्याच्या जागी जो लावला जाई तो बदली. पाळी सुरू होण्यापूर्वी तो गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही, काम मिळाले तर आत जाई आणि न मिळाले तर खोलीवर परत जाई. येथे यंत्रावरची जागा ठरलेली आहे, त्या जागेवर उभे राहणाऱ्याने काय करायचे, कोणाचे ऐकायचे आणि त्याच्या हाताखाली कोण हेही ठरलेले आहे. आज तेथे माणूस तेवढा वेगळा आहे. ती जागा म्हणजे दर्जा आणि त्या जागेवरून अपेक्षित असलेले वर्तन म्हणजे भूमिका. एकाच व्यक्तीकडे पाहत राहिलो तर हे दोन्ही त्या व्यक्तीचे गुण वाटू लागतात, परंतु बदली आला की ते व्यक्तीपासून सुटे होऊन दिसतात.

आता थोडे पुढे जाऊ. 'बदली' हा स्वतःही एक दर्जा होता. दुसऱ्याच्या जागेची वाट पाहणे हाच त्याचा आशय असला, तरी त्याचे नियम होते. १९३५ पासून गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, तेव्हा नोंद असलेला बदली आणि फाटकावर असाच येऊन उभा राहिलेला माणूस यांच्यात फरक पडला. म्हणजे नियम बदलला आणि पूर्वी नसलेला एक दर्जा निर्माण झाला. कागदोपत्री पद्धतीतून संरचनेचा नवा तुकडा कसा जन्माला येतो याचे याहून सुटसुटीत उदाहरण मला माहीत नाही.

एका दर्जाला एकच भूमिका चिकटलेली असते असे मात्र समजू नका. मर्टन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की एका दर्जाभोवती भूमिकांचा संच असतो. गिरणीतला जॉबर पाहा. मालकाच्या दृष्टीने तो कामावर देखरेख करणारा होता. कामगाराच्या दृष्टीने तो नोकरी देणारा होता, त्यासाठी पैसे घेणारा होता, आणि पुष्कळदा अडीअडचणीला कर्ज देणारा व खोली मिळवून देणाराही तोच असे. गावाकडच्या लोकांच्या दृष्टीने तो मुंबईत मुलाला 'लावून' देणारा मोठा माणूस होता. या भूमिका एकमेकींशी भांडतात. संपाच्या वेळी जॉबरने मालकाचे ऐकावे की आपल्या माणसांबरोबर बाहेर पडावे, हा भूमिकासंघर्ष मुंबईच्या कामगार चळवळीच्या सुरुवातीच्या इतिहासात वारंवार दिसतो. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने जॉबरच्या लाचखोरीवर कठोर टीका केली. आयोगाला जी लाच दिसली, तिच्याकडे कित्येक कामगार ओळखीच्या व्यवहारातले देणेघेणे म्हणून पाहत असत.

याच ठिकाणी तुमचा प्रमाणक आणि मूल्य यांचा गोंधळ सोडवता येतो. प्रमाणक म्हणजे अमुक परिस्थितीत अमुक करावे किंवा करू नये असा अपेक्षेचा नियम. तो पाळला गेला की मोडला हे पाहता येते, आणि मोडल्यास काहीतरी घडते, म्हणजे दंड होतो, बोलणे बंद होते, नाही तर निदान नापसंतीची नजर तरी मिळते. 'ज्याने लावून दिले त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये' हे प्रमाणक. असे का, म्हणून विचारले तर समोरचा जे कारण देतो आणि ज्या कारणाला पुन्हा 'का' असे विचारणे त्याला विचित्र वाटते, ते मूल्य. 'उपकार विसरणारा माणूस कसला?' हे वाक्य मूल्याच्या पातळीवरचे आहे. एकाच मूल्यातून परस्परविरोधी प्रमाणके निघू शकतात हेही ध्यानात ठेवा. निष्ठा या मूल्याच्या आधारे जॉबरची बाजू घेता येते आणि संप करणाऱ्या सहकाऱ्यांचीही.

प्रमाणकांतही दोन प्रकार करणे उपयोगी पडते. काही प्रमाणके विशिष्ट दर्जालाच चिकटलेली असतात, जसे की बदलीने रोज फाटकावर हजर राहावे. काही सर्वांनाच लागू असतात, जसे की चोरी करू नये. पहिला प्रकार भूमिकेचाच भाग म्हणून मोजला जातो, आणि म्हणूनच जॉन्सन यांच्या यादीत भूमिकांनंतर 'नियामक प्रमाणके' असा वेगळा घटक येतो.

संस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. विवाह, मालमत्ता, शिक्षण या संस्था म्हणजे एखाद्या गरजेभोवती घट्ट झालेल्या दर्जा, भूमिका आणि प्रमाणकांच्या जुड्या. एखादी गिरणी किंवा एखादी युनियन ही संघटना आहे आणि तिचे सभासद होता येते. मजुरीची पद्धत ही संस्था आहे, तिचे सभासदत्व नसते. मॅकायव्हर यांनी हा भेद नीट लावून दिला आहे. म्हणून संस्थेला पाचवा स्वतंत्र घटक मानण्यापेक्षा आधीच्या घटकांची स्थिर झालेली रचना मानणे मला अधिक योग्य वाटते. जातीच्या प्रश्नाला मी मुद्दाम हात घातलेला नाही, कारण येथे माझ्याहून चांगले कोणी लिहील अशी आशा आहे.

लालबागकर

मास्तरांनी गिरणीचा विषय काढलाच आहे, तर जातीबद्दल त्याच गिरणीतून लिहितो. आमच्या घरात गिरणीत काम करणाऱ्यांची पिढी होती, त्यामुळे काही गोष्टी पुस्तकाआधी कानावर पडलेल्या आहेत. तरीही येथे घरच्या आठवणी न सांगता नोंदल्या गेलेल्या गोष्टीच सांगेन.

सायलीताई, जात कोणत्या घटकात बसते असे तुम्ही विचारले आहे. माझे म्हणणे असे, की ती एका घटकात बसत नाही. ती सगळ्या घटकांतून आरपार जाते, आणि म्हणूनच यादी करणाऱ्यांना तिचे काय करावे ते कळत नाही. गिरणीत विणाई खात्यात, ज्याला कामगार साचेखाते म्हणत, मजुरी कताईपेक्षा चांगली मिळे. तेथे धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. हे काम दिवसातून असंख्य वेळा करायचे आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीतल्या कामगाराच्याही तोंडाला लागायचा. सवर्ण कामगारांनी याला विटाळाचे कारण केले आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना विणाई खात्यात येऊ दिले नाही. त्यांना मुख्यतः कमी मजुरीच्या खात्यांत काम मिळे.

आता मास्तरांच्या पद्धतीने हे उलगडून पाहा. विणकर हा अर्जित दर्जा आहे, कौशल्य शिकले की मिळायला हवा असा. त्याच्या दारावर अर्पित दर्जा पहारा देत उभा आहे. धागा तोंडाने ओढणे हा भूमिकेचा अगदी तांत्रिक भाग. दुसऱ्याच्या उष्ट्याला शिवू नये हे प्रमाणक गिरणीच्या नियमपुस्तकात कोठेही लिहिलेले नाही, ते गावाकडून आलेले आहे. शुद्धता-अशुद्धता हे त्यामागचे मूल्य. एका लहानशा छिद्रापाशी चारही घटक एकत्र येतात, आणि त्याचा परिणाम महिन्याच्या पगारात मोजता येतो. गिरणी ही आधुनिक, वाफेवर चालणारी संघटना, म्हणजे तेथे जात गळून पडेल अशी अपेक्षा होती. पण कामाच्या यंत्रणेनेच जातीला नवी जागा करून दिली.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि मागण्यांमध्ये या बंदीविरुद्धची मागणी घालण्याचा आग्रह धरला. नेत्यांनी ती नाखुशीने घातली. हा प्रसंग संरचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण 'कामगार' हा समूह आतून एकसंध नव्हता हे त्यातून उघड होते. उपसमूह हा घटक पुस्तकात शेवटी-शेवटी उरकला जातो, परंतु खरी भांडणे बहुधा त्याच्याच सीमांवर होतात. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

उपसमूहाबद्दल आणखी थोडे लिहितो. कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुसंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून येत आणि गावकीच्या खोलीत राहत. बी. डी. डी. चाळीतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत एकाच गावचे कितीतरी जण पाळ्यांच्या हिशोबाने राहत, म्हणजे रातपाळीचा माणूस परत आला की पहिल्या पाळीवाल्याची जागा त्याला झोपायला मिळे. प्रत्येकाची ट्रंक, कपड्यांसाठी दोरी, गावच्या मंडळाची वर्गणी आणि तिचा हिशोब ठेवणारा एक जण, एवढ्यावर व्यवहार चालत असे. गिरणीत कोण कायम आणि कोण बदली हे खोलीत फारसे चालत नसे. तेथे गावातले वय, भावकी आणि नाते यांवरून मान ठरे. म्हणजे सकाळी भोंगा झाल्यावर एक संरचना आणि संध्याकाळी दुसरी, आणि दोन्हींत माणसे तीच. नव्या पोराला गावाहून बोलावून आणणे, जॉबरशी गाठ घालून देणे आणि पहिला पगार होईपर्यंत त्याचे जेवण चालवणे हे या खोलीचेच काम होते. त्यामुळे खोलीची संरचना गिरणीच्या संरचनेला माणसे पुरवत होती असे म्हणता येईल.

या व्यवस्थेत बायका कोठे होत्या, असेही विचारायला हवे. बऱ्याच जणी गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळत आणि मनीऑर्डरची वाट पाहत. मुंबईत असलेल्या अनेक जणी खानावळ चालवत, म्हणजे दहा-वीस पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. हे काम कित्येक कुटुंबांचा आधार होते, तरीही त्याला व्यवसाय असा दर्जा नव्हता, कारण स्वयंपाक ही 'घरची' भूमिका मानली जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा त्याच कामाला वेगळे नाव आणि वेगळा दर्जा मिळाला. स्वयंपाक बदलला नव्हता.

डावखुरा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, पण एका गोष्टीवर हरकत नोंदवतो. दर्जा, भूमिका, प्रमाणके, मूल्ये या भाषेत मालक हाही एक दर्जा आणि बदली कामगार हाही एक दर्जा. दोघांना एकाच रकान्यात लिहिले की त्यांच्यातला मूळ फरक पुसला जातो. गिरणी कोणाच्या मालकीची आहे हे 'प्रमाणक' म्हणून सांगून भागत नाही. उत्पादनाची साधने ज्याच्या हातात आहेत तो इतरांच्या भूमिका ठरवतो, आणि मार्क्सने १८५९ मध्ये पाया (उत्पादनाचे आर्थिक संबंध) आणि इमला (त्यावर उभे राहणारे कायदा, राजकारण, विचार) यांची जी मांडणी केली ती याचसाठी. चार घटकांची यादी समाज कसा टिकतो हे सांगते. तो कोणाच्या सोयीने टिकतो हे ती विचारत नाही, म्हणून सत्ता हा घटक टिपणात स्वतंत्रपणे घातला असेल तर तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

गिरण्यांचेच उदाहरण पुढे नेतो. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच युनियनला कामगारांची प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळे आणि वाटाघाटीचा हक्क तिचाच. कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, आणि हा कायदा रद्द व्हावा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. म्हणजे प्रतिनिधी हा दर्जा एकाकडे आणि प्रतिनिधीची भूमिका प्रत्यक्षात दुसऱ्याकडे. मालक आणि सरकार ज्याच्याशी बोलायला तयार होते त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलण्याचे कायदेशीर बंधन कोणावर नव्हते. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे या विसंगतीचेच एक फळ. दर्जा आणि भूमिका यांची फारकत झाली की दर्जाच्या बाजूने कोण उभे राहते, हे सत्तेचा विचार केल्याशिवाय सांगता येत नाही.

सायली_वाचते

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समजले आहे की नाही हे पाहण्यासाठी मी माझ्या ओळखीचे एक उदाहरण मांडते, कृपया तपासावे.

७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. अनेक गावांत सरपंच बाई असतात, परंतु बैठकीत बोलणारे, ग्रामसेवकाला सूचना देणारे आणि लोक ज्यांना भेटायला येतात ते त्यांचे पती असतात. अशांना लोक 'सरपंचपती' असे म्हणतात. मला वाटते की येथे दर्जा बाईंकडे आहे आणि भूमिका पतीकडे आहे, म्हणजे डावखुरा यांनी सांगितलेल्या युनियनसारखीच स्थिती. 'सुनेने थोरल्या पुरुषांसमोर बैठकीत बोलू नये' हे प्रमाणक आणि 'घराण्याची अब्रू' हे मूल्य. हे बरोबर आहे का? आणि यात बदल व्हायचा तर आधी कोणता घटक बदलतो?

निवृत्त_मास्तर

विश्लेषण बरोबर आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली अशी, की भूमिका सर्वस्वी पतीकडे गेलेली नसते. सही बाईंची असते, सभेच्या इतिवृत्तात नाव बाईंचे असते, आणि अविश्वासाचा ठराव किंवा चौकशी आली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. भूमिकेतले अधिकार एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे अशी फाळणी झालेली असते. मर्टन यांच्या भूमिकासंचाच्या कल्पनेने ही फाळणी नेमकी दाखवता येईल: अधिकाऱ्यांशी संबंधातली भूमिका, गावकऱ्यांशी संबंधातली भूमिका आणि इतर सदस्यांशी संबंधातली भूमिका, यांतली कोणती कोणाकडे गेली ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहा. पुष्कळ गावांत पहिले वर्ष-दोन वर्षे पती पुढे असतो आणि नंतर बाई स्वतः तालुक्याला जाऊ लागतात, त्यामुळे सगळीकडे एकच चित्र आहे असे उत्तरात लिहू नका. आरक्षण फिरते असल्याने काम अंगवळणी पडेपर्यंत ती जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते, ही गोष्टही संरचनेचीच आहे. तिचा दोष व्यक्तीच्या माथी मारू नये.

दुसरी दुरुस्ती 'आधी कोणता घटक बदलतो' या प्रश्नाबाबत. येथे कायद्याने आधी दर्जा निर्माण केला, प्रमाणके मागे राहिली, आणि मूल्यांमध्ये तर दोन मूल्ये शेजारी-शेजारी उभी आहेत, राज्यघटनेतली समता आणि घराण्याची अब्रू. अन्नपूर्णाच्या उदाहरणात मूल्याला धक्का न लावता कामाला संघटना आणि कर्ज मिळाले व त्यातून दर्जा बदलला. साचेखात्याच्या बाबतीत बाहेरून दबाव येऊनही प्रमाणक फार काळ टिकले. त्यामुळे क्रमाचा एकच नियम सांगता येईल असे मला वाटत नाही, आणि परीक्षकाने तसा नियम मागितला तरी देऊ नये.

डावखुरा यांची हरकत मला बऱ्याच अंशी मान्य आहे. फक्त सत्तेला पाचवा किंवा सहावा घटक म्हणून यादीच्या शेवटी जोडण्याला माझा विरोध आहे, कारण तसे केले की ती बाकीच्या घटकांपासून वेगळी पडते. लालबागकरांनी जातीबद्दल जे म्हटले तेच सत्तेलाही लागू करावे. एखादी जागा कोण निर्माण करू शकतो, एखादे प्रमाणक मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा होते आणि कोणाला होत नाही, कोणाचे मूल्य 'सर्वांचे' म्हणून मिरवते, असा प्रश्न प्रत्येक घटकापाशी विचारला की सत्ता आपोआप उत्तरात येते.

१५ गुणांच्या उत्तरात जॉन्सन यांचे चार घटक सांगाड्यासाठी घ्या आणि भूमिकेच्या परिच्छेदात लिंटन व मर्टन आणा. जात आणि सत्ता यांचा परिच्छेद शेवटी वेगळा न करता प्रमाणकांच्या चर्चेत मिसळा. उदाहरण सरपंचांचेच ठेवा. ते तुमच्या स्वतःच्या पाहण्यातले आहे, आणि गिरणीचे उदाहरण येथून उचलून लिहिले तर दुसऱ्या कोणाच्या उत्तरपत्रिकेतही तेच सापडण्याची शक्यता आहे.

लालबागकर

एक पुरवणी जोडतो. गिरण्या बंद झाल्यावर 'गिरणी कामगार' हा दर्जा संपला असे वाटेल, पण तसे झाले नाही. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याचे ठरले आणि २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघू लागल्या. त्यात अर्ज करण्यासाठी गिरणीत नोकरी केल्याची कागदपत्रे लागतात, आणि कामगार हयात नसेल तर त्याचा वारस अर्ज करतो. साच्यावर उभे राहून मिळवलेला दर्जा पुढच्या पिढीला जन्माने मिळू लागला. यंत्र नाही, पाळी नाही, भूमिकाही उरलेली नाही, तरी दर्जा आहे आणि त्याच्यावर हक्क सांगता येतो. लिंटन यांच्या अर्पित-अर्जित या विभागणीत हे कोठे ठेवावे याबद्दल मास्तरांचे मत वाचायला आवडेल.

निवृत्त_मास्तर

अर्जित दर्जातून निघालेला अर्पित दर्जा असेच त्याला म्हणावे लागेल. वतनदारीतही कित्येकदा मूळ पुरुषाने मिळवलेले वतन पुढच्या पिढ्यांना जन्माने मिळत असे, म्हणून हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. लिंटन यांची विभागणी दर्जा एका व्यक्तीकडे कसा आला एवढेच पाहते, आणि त्या मर्यादेत वारस हा अर्पित दर्जाच ठरतो. फरक इतकाच, की वतनाबरोबर गावात करायचे कामही वारशाने येत असे. सोडतीतल्या वारसाच्या वाट्याला कागद गोळा करण्यापलीकडे कोणतीही भूमिका येत नाही.